सार्वजनिक इमारतींची निगा

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त लाखांदूर येथे भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या दिवशी मागे वळून पाहावे, देवाचे उपकार मानावे आणि ज्यांनी ह्या कार्याचा पाया घातला त्यांचे स्मरण करावे, असा परिपाठ आहे. आमच्या आधी बोललेल्या वक्त्यांनी तो उत्तम रीतीने पार पाडिला आहे. आम्ही निवडलेला विषय सणाच्या दिवशी काहीसा रूक्ष वाटेल. ज्या छपराखाली आपण आज बसलो आहो त्या छपराविषयी, त्यास तोलून धरणाऱ्या खांबांविषयी, आणि एकंदरीत जी घरे सर्वांची म्हणून बांधिली जातात त्यांच्या निगेविषयी आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. ह्या विषयात आमची स्वतःची एक चूक आहे. आजवर तुम्ही आपल्या चुका आम्हांस सांगत आला. आज आम्ही आमची तुम्हांस सांगतो.

शाळेच्या बाजूचा व्हरांडा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. मुले प्रार्थनेसाठी तेथेच रांगा लावितात. त्या व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी ठिबकू लागले, तेव्हा आम्ही तेथे एक बादली ठेवविली. दुसऱ्या पावसाळ्यात ती बादली पुन्हा ठेवविली. तिसऱ्या वर्षी कोणी न सांगताच ती मृगाच्या सुमारास आपल्या जागी येऊन बसली, आणि आम्ही तिच्या बाजूने वळसा घालून जाऊ लागलो. बादली भरली की ओतावी आणि परत ठेवावी, एवढाच आमचा आणि त्या छपराचा संबंध उरला. मध्यंतरी आम्ही त्या भिंतीस एकदा रंगही दिला. रंगाखाली ओलीचा डाग झाकला गेला, आणि त्याबरोबर आमची चिंताही झाकली गेली.

पुढे एके दिवशी तेथे झाडलोट करणाऱ्या बाई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "फादर, त्या खांबापाशी मी रोज झाडतो, अन् रोजच रेती पडून रायते जी." आम्ही त्यांस हसून सांगितले की जुने घर आहे, थोडे पडावयाचेच. आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या. ह्या वेळी पदराच्या गाठीत बोटभर लांबीचा एक तुकडा बांधून आणिला होता, आणि त्या तुकड्याच्या एका अंगास तांबडा गंज होता. तो तुकडा हाती घेतल्यावर मात्र आम्हांस हसू आले नाही. आम्ही इंजिनिअर बोलाविले. त्यांनी हातोडीने तुळई ठोकून पाहिली, तो जागोजागी पोकळ आवाज आला. आणि सुटलेले प्लास्टर खाली पाडिल्यावर आतील लोखंडी गज मूळच्या जाडीच्या निम्मेही उरले नव्हते. त्याच दिवशी व्हरांडा बंद केला. तो तीन वर्षे रोज सकाळी आमच्या मुलांच्या डोक्यावर उभा होता, हा विचार मनात आला म्हणजे आजही आमची झोप उडते.

सेमिनरीत आम्हांस एक वृद्ध गुरुजी होते. ते दर शनिवारी दुपारी हातात काठी घेऊन सगळ्या इमारतीभोवती एक फेरी मारीत. कोठे भिंतीवर काठीने ठोकावे, कोठे गटारातील पाने उपसावी, कोठे भिंतीतून डोके काढणारे पिंपळाचे रोप मुळासकट उपटावे, असा त्यांचा क्रम असे. आम्ही तरुण विद्यार्थी त्या फेरीस मनात हसत असू. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या आम्ही त्यांजकडून शिकलो, पण ती फेरी शिकलो नाही. आता पन्नाशी उलटल्यावर तिची किंमत कळत आहे.

बंधुहो, ही फेरी आपल्या लाखांदुरास नवी नाही. जोवर घरांवर कवेलू होते, तोवर उन्हाळा संपता संपता प्रत्येक घरी कवेलू फेरण्याचे काम निघे. घरधनी स्वतः छपरावर चढे, फुटके कवेलू काढी, वाशांस वाळवी लागली आहे काय ते पाही, आणि पहिल्या पावसाच्या आत घर पुन्हा शाकारून घेई. ज्यास वाचता येत नसे त्यासही आपल्या घराच्या आढ्याची प्रकृती ठाऊक असे. पुढे स्लॅबची घरे आली. स्लॅबवर कवेलू फेरावे लागत नाहीत, ही तिची मोठी सोय झाली. आणि ह्याच सोयीने आपली वर्षातून एकदा वर चढून पाहण्याची सवय मोडली. सिमेंटचे घर एकदा बांधिले म्हणजे नातवंडांपर्यंत पाहावयास नको, असा एक समज सर्वत्र पसरला आहे. तो समज किती खोटा आहे हे समजण्यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही.

सिमेंटच्या काँक्रीटमध्ये एक क्षारगुण असतो. तो शाबूत आहे तोवर आतील लोखंड गंजत नाही. परंतु भेगांतून पाणी आणि हवा आत शिरू लागली म्हणजे तो गुण हळूहळू नाहीसा होतो, आणि लोखंड गंजू लागते. गंजास मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. ती जागा त्यास आत मिळत नाही, म्हणून तो वरचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. आधी गजाच्या रेषेत एक सरळ भेग दिसते. मग तीतून तांबडे पाणी उतरते. मग पोपडे सुटतात. आणि शेवटी गज उघडा पडतो. ह्या सर्वास पुष्कळदा कित्येक वर्षे लागतात. म्हणजे इमारत पडण्यापूर्वी बहुधा आपणास वर्षानुवर्षे सूचना देत असते, आणि ती सूचना वाचावयास दोन डोळे पुरतात.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. कन्हार जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे येथील प्रत्येक धान पिकविणाऱ्यास ठाऊक आहे. उन्हाळ्यात बांधीत पडलेल्या भेगांत त्याचा हात कोपरापर्यंत जातो. अशा जमिनीवर उथळ पायाचे घर असले, तर जमिनीबरोबर तेही दरवर्षी वरखाली होते, आणि खिडकीच्या वा दाराच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. प्रत्येक भेग भयंकर असते असे नाही. प्लास्टरवरील केसासारख्या भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. जी भेग वाढत जाते तिची भीती बाळगावी. ती वाढते की नाही हे पाहण्याचा उपाय अगदी साधा आहे. भेगेच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, आणि भेगेवर आडवी काचेची लहानशी पट्टी दोन्ही बाजूंस घट्ट चिकटवावी. भेग खुणेपलीकडे गेली अथवा काच तडकली, तर घर हलत आहे असे समजावे आणि जाणत्यास बोलवावे.

आता कोणी म्हणेल की फादर एका बादलीचे पुराण सांगत बसले आहेत. म्हणून थोडे बाहेर पाहू.

२८ ऑगस्ट २०१७ रोजी, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी ह्या गावी, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे छत पावसात वर्गावर कोसळले आणि तीन मुले दगावली. सकाळी आईने डबा देऊन पाठविलेली मुले ती. १४ मार्च २०१९ रोजी सायंकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल घरी परतणाऱ्या माणसांसह खाली आला. त्या पुलाची तपासणी झालीच नव्हती असे नाही. तपासणी झाली होती, आणि तीत तो वापरास योग्य ठरवून किरकोळ दुरुस्ती तेवढी सुचविली होती. कागद ठीक होता. लोखंड गंजले होते. म्हणून केवळ तपासणी होऊन भागत नाही. ती करणाऱ्याने खरोखर वर चढून, ठोकून, खरवडून पाहिले पाहिजे, आणि दिसले ते भीड न धरिता लिहिले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यासही हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षास आग लागली. आत सतरा बालके होती. सात वाचविता आली, दहा गेली. तेथे भिंत पडली नव्हती, हे खरे. परंतु सार्वजनिक इमारतीची निगा म्हणजे केवळ भिंतीची निगा नव्हे. विजेच्या तारा, धूर बाहेर जाण्याची वाट, आग विझविण्याची साधने, हेही त्या घराचे हाडमांसच होय. त्या रात्रीनंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे हुकूम सुटले. हुकूम योग्यच होते. पण ज्या दहा घरांत पाळणा रिकामा राहिला, तेथे ते पोहोचावयास उशीर झाला होता.

अशा प्रसंगी लोक म्हणतात, देवाची इच्छा. धर्मगुरू ह्या नात्याने आम्ही स्पष्ट सांगतो की हे बोलणे आम्हांस मान्य नाही. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती वार्ता प्रभू येशूच्या कानी होती. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती म्हणून मेली काय, असा प्रश्न त्याने लोकांस केला, आणि आपणच त्याचे नकारार्थी उत्तर दिले. मेलेल्यांचे पाप शोधीत बसू नका, आपले आचरण बदला, हा त्या बोलण्याचा रोख आहे. तो बुरूज का पडला हे शुभवर्तमानात सांगितलेले नाही. परंतु आपल्या काळात जी छते पडतात त्यांपैकी पुष्कळ का पडतात, हे आपणास ठाऊक असते. आणि जे ठाऊक असते त्याचा भार देवावर टाकणे हा देवाचा अपमान आहे.

आमच्या स्वतःच्या धर्मसमाजानेही ह्या बाबतीत फुशारकी मारू नये. जुन्या गोव्यात मोन्ते सांतो टेकडीवर संत ऑगस्टीनच्या मठाचे भव्य मंदिर होते. ते १६०२ साली पुरे झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांस हाकलून दिले आणि मंदिर ओस पडले. छपरावरील पाने काढणारा, गळती बुजविणारा कोणी उरला नाही. अवघ्या सात वर्षांत, १८४२ साली, त्याची मुख्य कमान कोसळली. घंटा १८७१ साली पणजीच्या चर्चमध्ये नेण्यात आली. ती आजही तेथे वाजते. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. सुमारे ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा उरलेला अर्धा भाग आज प्रवासी पाहावयास जातात. त्या भिंती कोणी शत्रूने तोफा लावून पाडिल्या नाहीत. शतकभर कोणी त्यांजकडे लक्ष दिले नाही, एवढेच झाले.

तेथून जवळच असलेल्या बॉम जेझू बासिलिकेची गोष्ट निराळी आहे. तेथे संत फ्रान्सिस झेविअर ह्यांचे अवशेष असल्यामुळे हेळसांड कोणी करणार नाही असे वाटते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास, दगड उघडा दिसावा म्हणून, तिच्या बाहेरील भिंतींवरील चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. कोकणच्या व गोव्याच्या पावसात तो पाणी पितो आणि झिजतो. गिलावा हेच त्याचे कातडे होते. तो पुन्हा चढवावा की नाही ह्याचा वाद अलीकडेपर्यंत चालू आहे. तात्पर्य, दुर्लक्षाने जसे घर बिघडते, तसे केवळ शोभेकडे लक्ष दिल्यानेही बिघडते. आमच्या व्हरांड्याचा रंग आठवा.

गोव्यापर्यंत जावयास नको. आपल्या भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने आणि इतर जुन्या रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी हे तलाव बांधिले. कोठे पाळ घालावी, सांडवा कोठून काढावा, हे त्यांस कोणत्याही कॉलेजात न जाता कळत होते. पावसाळ्यापूर्वी पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, ही कामे गाव मिळून करी. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली ते चांगलेच झाले. तीत गरिबांस सुख नव्हते. परंतु तिच्याबरोबर तलाव राखण्याची गावाची जबाबदारीही अंगावरून उतरली, आणि ती कोणाच्या खांद्यावर चढली हे नीट ठरले नाही. पुष्कळ तलाव गाळाने भरले, पाळी खचल्या. ज्यांस आपण आज मामा तलाव म्हणतो ते हेच माजी मालगुजारी तलाव होत. जे सर्वांचे झाले ते कोणाचेच राहिले नाही.

सार्वजनिक वस्तूचा हा सर्वत्र दिसणारा रोग आहे. आपल्या घरातील गळती आपणास रात्री झोपू देत नाही. शाळेतील गळती पाहून आपण म्हणतो, मास्तर पाहतील. मास्तर म्हणतात, वर लिहिले आहे. वरचे म्हणतात, तरतूद नाही. आणि तरतूद नवीन कामास निघते, कारण नव्या कामास कोनशिला असते, हार असतात, फोटो असतो. पन्हळ साफ केल्याबद्दल कोणी कोणास हार घातल्याचे आम्ही पाहिले नाही. महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, एस. टी. च्या दोन गाड्या माणसांसह नदीत गेल्या. त्यानंतर नवा पूल वर्ष भरण्याच्या आत उभा राहिला. म्हणजे पैसा होता, कसब होते, तातडीही करिता येत होती. ही सर्व सामग्री माणसे बुडाल्यावर एकत्र आली.

ह्यावर उपाय काय, असे विचाराल तर आम्ही एक फार जुनी गोष्ट सांगतो. यरुशलेमेत योवाश राजा राज्य करीत असता त्याने आज्ञा केली की मंदिरात येणाऱ्या पैशांतून याजकांनी मंदिराची मोडतोड दुरुस्त करावी. राजाच्या कारकीर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले, तरी याजकांनी दुरुस्ती केली नव्हती. बंधुहो, याजकांनीच केली नव्हती. आमच्या तीन पावसाळ्यांस तेवढाच काय तो दिलासा. मग राजाने त्यांजकडून ते काम काढून घेतले. यहोयादा याजकाने एक पेटी आणिली, तिच्या झाकणास भोक पाडिले आणि ती वेदीजवळ ठेविली. लोकांनी तीत पैसे टाकावे, ते राजाच्या लेखकासमक्ष मोजावे, आणि सुतार, गवंडी व पाथरवट ह्यांच्या हाती द्यावे, अशी व्यवस्था झाली. त्या पैशांतून मंदिरासाठी चांदीची भांडी केली नाहीत, हेही तेथे मुद्दाम नमूद केले आहे. आधी भिंत, मग भांडी.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो समितीच्या सभासदांस थोडा कडू लागेल. ज्युबिलीसाठी तुम्ही घरोघर फिरून निधी जमविला आहे. धानाचे पैसे हाती येण्यापूर्वीच कित्येकांनी आपला वाटा दिला, हे आम्ही जाणतो. त्या निधीतून दर्शनी कमान, नवी फरशी आणि रोषणाई करावी असे ठरले होते, आणि त्या ठरावास आमचीही संमती होती. ती संमती आम्ही आज परत घेतो. हा निधी प्रथम व्हरांड्याच्या तुळया, छताची गळती आणि विजेच्या जुन्या तारा ह्यांवर खर्च व्हावा, अशी आमची विनंती आहे. कमान पुढच्या पिढीने बांधावी. पण ती बांधावयास पुढची पिढी धडधाकट राहिली पाहिजे.

दुसरी विनंती अशी. दारापाशी आज एक लाकडी पेटी ठेविली आहे. ती केवळ दुरुस्तीची पेटी होय. योवाशाच्या काळी कामगारांकडून हिशेब मागत नसत, इतके ते प्रामाणिक होते असे म्हणतात. आम्ही मात्र हिशेब मागू, आणि पै न् पैचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी भिंतीवर लावू.

तिसरी विनंती पैशाची नाही. पेटीशेजारी एक वही टांगली आहे. ज्यास कोणास ह्या आवारात भेग, ओल, गंज, सैल तार, कुजलेला वासा अथवा तुंबलेली पन्हळ दिसेल, त्याने त्या वहीत तारीख घालून लिहावे. ज्यास लिहिता येत नाही त्याने मुलाकडून लिहवून घ्यावे. त्यापुढे काय केले ते आम्ही सात दिवसांच्या आत आमच्या हाताने लिहू. पहिली नोंद आम्हीच केली आहे. तीत झाडलोट करणाऱ्या त्या बाईंच्या दोन्ही वेळच्या सूचना आहेत, आणि पहिल्या सूचनेस आम्ही हसलो हेही आहे. दरवर्षी रोहिणी नक्षत्र लागले म्हणजे एका रविवारी मिस्सानंतर आम्ही काठी घेऊन इमारतीभोवती फेरी मारू. ज्यांस सवड असेल त्यांनी बरोबर यावे. पूर्वी घरोघरी कवेलू फेरीत असत, तसेच हे समजावे.

आणि येथे शिकलात ते बाहेरही न्या. तुमची मुले सरकारी शाळेत बसतात, आजारी माणसे दवाखान्यात निजतात, म्हातारी माणसे पंचायतीच्या ओट्यावर बसतात. तेथील छताकडेही एकदा मान वर करून पाहा. काही दिसले तर गावच्या सभेत बोला, अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या, आणि उत्तर न आल्यास पुन्हा जा. त्या बाई दुसऱ्यांदा आल्या नसत्या तर आजच्या सभेत आम्ही काय बोलत असतो, ह्याची कल्पनाही आम्हांस करवत नाही. जो अधिकारी मन लावून तपासणी करितो त्यास धन्यवाद द्यावयासही विसरू नका. असे अधिकारी आहेत, आणि त्यांच्यामुळे जी छते पडली नाहीत त्यांची बातमी कोठेच छापून येत नाही.

व्हरांडा सध्या बंद आहे. मुले चिंचेखाली प्रार्थनेस उभी राहतात. ज्युबिलीच्या छायाचित्रात बांबूचे टेकू आणि दोरी दिसेल, ह्याचे कित्येकांस वाईट वाटते. आम्हांस वाटत नाही. पुढे कोणी हे पुस्तक उघडून ते चित्र पाहील, तर त्याने एवढेच म्हणावे की ह्या लोकांनी उशीर केला, पण वेळ टळू दिली नाही.

परमेश्वर तुम्हां सर्वांस, आणि ह्या छपराखाली येणाऱ्या प्रत्येकास, मग तो कोणत्याही धर्माचा असो, सुखरूप ठेवो.